धावपट्टीपुढचा रस्ता

१/ २६ एप्रिल १९९३. दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईकडे निघाले. धावपट्टी संपली तरी विमान पुरेसे उंचावले नव्हते. पलीकडच्या बीड रस्त्यावरून रुईच्या गाठींचा ट्रक चालला होता. विमानाची डावी चाके आणि डावे इंजिन त्यावर आदळले.

२/ घायाळ विमान सुमारे तीन किलोमीटर पुढे गेले, उच्चदाबाच्या विजेच्या तारांत अडकले आणि कोसळून पेटले. ११८ जणांपैकी ५५ दगावले, ६३ वाचले.

३/ लोकस्मृतीत या घटनेचे एकच वाक्य उरले : ‘विमान ट्रकला धडकले.’ या वाक्यात दोष कोणाचाच नाही, दैवाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ते जसेच्या तसे स्वीकारू नये.

४/ कारण त्या ट्रकमध्ये आकस्मिक असे काहीच नव्हते. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा) जवळा बाजारपासून थेट बीड-जालन्यापर्यंत हा सारा कापसाचा मुलूख. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठी ट्रकवर उंच रचून नेणे हा येथला नित्यक्रम. रस्ताही नित्याचा, विमानाची वेळही ठरलेली.

५/ चौकशीने दोन कारणे नोंदवली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले; आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. पहिले कारण वैमानिक-कक्षातले, दुसरे कार्यालयातले. स्मृतीने दोन्ही पुसून टाकली.

६/ उड्डाणाचे गणित निर्दय असते. हवा तापली की विरळ होते. पंखांची उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही घटतात, धाव लांबते. समोरचा वारा ती धाव आखूड करतो, पाठीमागचा वाढवतो. लहान विमानाला आडवा झोत सहज बाजूला लोटतो. अशा वेळी वैमानिकाची क्षणभराची चूक पोटात घालण्यासाठी धावपट्टीपुढे मोकळी जागा लागते. चिकलठाण्याला तेथे रहदारी होती.

७/ याच महाराष्ट्रात एक जुना धडा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन लहानशा ‘पस मॉथ’ विमानाने जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होई. तेव्हा टाटांची टपालसेवा पुण्याहून चाले. साधने तुटपुंजी होती, पण जमीन साथ देत नसेल तर बेत बदलायचा, ही शिस्त होती. साठ वर्षांनंतर साधने वाढली. एक रस्ता काही मिनिटे थांबवणे मात्र जमले नाही.

८/ आज मराठवाड्यात नांदेड, लातूर, धाराशिव येथेही धावपट्ट्या आहेत. त्यांच्या लांबीचा अभिमान जरूर बाळगावा. पण प्रत्येक टोकापुढे काय आहे, रस्ता, तारा की वस्ती, आणि त्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाकडे आहे, हेही विचारावे. चौकशीचे अहवाल धूळ खात ठेवण्यासाठी नसतात. ते वाचणे हीच त्या ५५ जणांना खरी श्रद्धांजली.