भाव कोण ठरवितो?

नाताळच्या सुटींत आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें खेळण्याच्या विटांची जुनी पेटी विकावयास काढिली. डेन्मार्कांतील लेगो कंपनीच्या या विटा त्याच्या पुण्याच्या मामांनीं पूर्वीं कधीं तरी दिलेल्या होत्या. पेटी कितीला द्यावी, असें त्यानें आम्हांस विचारलें आणि आम्हांस उत्तर देतां येईना. गणिताच्या पुस्तकांत नफातोट्याचीं उदाहरणें आम्ही शेंकड्यांनीं सोडविलीं आहेत. परंतु त्यांत खरेदीची व विक्रीची किंमत आधींच दिलेली असते. ती विक्रीची किंमत कोणीं व कशी ठरविली, याविषयीं पुस्तक मौन धरतें.

म्हणून आम्ही या विटांच्या बाजाराची थोडी चौकशी केली. संगणकाच्या जाळ्यावर ब्रिकलिंक नांवाची एक पेठ आहे. ती २००० सालीं एका हौशी गृहस्थानें उघडली व २०१९ सालीं खुद्द लेगो कंपनीनेंच विकत घेतली. तेथें देशोदेशींचे दुकानदार सुट्या विटा विकतात. एकाच सांच्यांतील वीट तांबडी असेल तर कवडीमोल, आणि क्वचित् निघालेल्या एखाद्या रंगाची असेल तर अनेक पटींनीं महाग! पण आम्हांस नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. प्रत्येक विटेपुढें तेथें दोन प्रकारचे भाव मांडलेले असतात : गेल्या सहा महिन्यांत ती खरोखर केवढ्यास विकली गेली तो एक, आणि आज विक्रेते केवढ्यास मागत आहेत तो दुसरा. नव्या व वापरलेल्या मालाचे आंकडे वेगळे. मागितलेला भाव हा केवळ मनोरथ असतो. पैसे मोजून झालेला सौदा हाच खरा भाव, हें तेथें नवशिक्यासही कळतें. ज्यास घाई आहे तो सरासरीच्या किंचित् खालीं उतरतो, त्यास पाहून दुसरा आणखी उतरतो; ज्यास घाई नाहीं तो वर बसून राहतो. विटा धुण्याचे, निवडण्याचे व मोजण्याचे श्रम मात्र कोणत्याच आंकड्यांत स्पष्ट दिसत नाहींत.

हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें आपला कापूसबाजार उभा राहिला. एके काळीं देशांतील अनेक बाजारांत अडत्या व खरेदीदार रुमालाखालीं हातांत हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीं उभा. आणि त्याच्याच मालाचा भाव त्याच्यापासून झांकलेला! अशा बाजारास शिस्त लावण्याचा पहिला मान आपल्याच प्रांताकडे येतो, याचा आम्हांस अभिमान वाटतो. १८८६ सालीं कारंजा येथें देशांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. अडते व मापारी यांना परवाना आला, बाजारखर्चास मर्यादा पडली. तथापि त्या वेळच्या बाजार समित्यांवर प्राबल्य व्यापाऱ्यांचेंच होतें, हेंही सांगितलें पाहिजे. आज लिलाव उघड बोलला जातो, आणि अमरावती-अकोल्याचे भाव शेतकऱ्यास घरबसल्या हातांतल्या दूरध्वनीवर दिसतात.

मग प्रश्न सुटला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. भाव दिसणें ही एक गोष्ट, आणि त्या भावास ‘नाहीं’ म्हणतां येणें ही दुसरी. विटांचा विक्रेता आपली पेटी कपाटावर ठेवून वर्षभर वाट पाहूं शकतो. विटा ना वाळत, ना त्यांवर व्याज चढत. कापसाचें तसें नाहीं. तो घरांत पडून राहिला तर वाळून वजनांत घटतो, त्यास आगीची भीति, आणि सावकाराचा किंवा पेढीचा हप्ता तर दारांत उभा. माल गाडींत घालून बाजारांत नेल्यावर भाव पटला नाहीं म्हणून परत आणावा, तर भाडें दुप्पट. शिवाय हा भाव अकोल्यांतच ठरतो असेंही नाहीं. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी पेटली, तेथील कापूस विलायतेस पोंचेना, आणि इकडे वऱ्हाडांत कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपतांच तो उतरला. त्या चढउतारांत येथल्या शेतकऱ्याचा ना गुण होता, ना दोष. सरकारनें आधारभूत किंमत ठरविली, १९७२ सालीं महाराष्ट्रांत एकाधिकार कापूस खरेदीही सुरू झाली व पुढें बंद पडली. त्या सर्वांची चर्चा येथें करीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शेतकऱ्यास चार महिने थांबतां येईल अशी सोय, म्हणजे गांवाजवळ गोदाम व त्यांतील मालावर माफक व्याजानें कर्ज, ही उघड लिलावाइतकीच महत्त्वाची आहे. ती नसेल तर आंकडे पाहून केवळ हळहळ वाढते.

आमच्या विद्यार्थिमित्रानें ते दोन्ही भाव पाहिले, थोडा विचार केला आणि पेटी विकण्याचा बेत तूर्त रहित केला. उन्हाळ्याच्या सुटींत पाहूं, म्हणाला. त्याच आठवड्यांत त्याचे वडील कापूस घेऊन अकोल्यास गेले. भाव त्यांसही आदल्या रात्रींच ठाऊक होता, आणि तो मनासारखा नव्हता. संध्याकाळीं ते रिकामी गाडी घेऊन परत आले.