पाद्री यादी देत नाही

ऑगस्ट 1942. दक्षिण फ्रान्समधल्या डोंगरातलं ल शाँबों-स्युर-लिन्यों हे ज्यूंना आसरा देणारं प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांचं गाव. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख जॉर्ज लामिराँ तिथे आले तेव्हा ना झेंडे लागले, ना मिरवणूक निघाली. कार्यक्रम आटोपल्यावर मात्र शाळेतल्या मोठ्या मुलांनी त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं. जुलैमध्ये पॅरिसात सुमारे 13,000 ज्यूंना, लेकराबाळांसकट, पोलिसांनी धरून नेलं होतं. मुलांनी त्याचा निषेध केला आणि वर लिहिलं, की आमच्यातही ज्यू आहेत आणि आम्ही त्यांना वेगळं मानत नाही. तसं मानणं शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. लपवायची गोष्ट कुणी सरकारलाच लिहून देतं का? या पोरांनी दिली.

मग अधिकाऱ्यांनी पाद्री आंद्रे त्रोक्मे यांच्याकडे ज्यूंची नावं मागितली. आपल्याला माणसं तेवढी ओळखता येतात, ज्यू कोण ते ठाऊक नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. थोड्याच दिवसांत रिकाम्या बसगाड्या घेऊन पोलीस हजर झाले. रानं, गोठे, माळे धुंडाळले आणि हाती लागला एकच माणूस. तो बसमध्ये बसलेला असताना पाद्र्यांच्या मुलाने आपल्याजवळचा चॉकलेटचा शेवटचा तुकडा खिडकीतून त्याला दिला. ते पाहून गावकरीही घरातलं काहीबाही आणून देऊ लागले. रेशनच्या दिवसांत! पुढे तो माणूसही सुटला.

या वागण्यामागे जुनी आठवण होती. 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, त्यानंतर शंभरेक वर्षं यांच्या पूर्वजांनी चोरून प्रार्थना केली. मारी द्युराँ ही बाई 38 वर्षं कैदेत राहिली, पण तिने धर्म सोडला नाही. तरीही नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही. छळ सोसलेल्यांनी पुढे दुसऱ्यांना छळल्याची उदाहरणं इतिहासात थोडी नाहीत. शाँबोंत आठवणीच्या जोडीला बायबलचं रोजचं वाचन होतं. जुन्या करारातल्या लोकांचे वंशज दारात उभे राहिले, तर या शेतकऱ्यांना ते परके वाटण्याचं कारणच नव्हतं.

सगळे धर्म शेवटी एकच, असं म्हणून शेजारधर्म सोपा करून घेण्याची आपल्याकडे चाल आहे. त्रोक्मे तसं म्हणाले नसते. ते कट्टर श्रद्धावान होते, बंदूक हाती न धरण्यावर ठाम होते. आपला धर्म पातळ न करता त्यांनी ज्यूंना जवळ केलं, आणि आसऱ्याच्या मोबदल्यात बाप्तिस्मा मागितला नाही. माझ्या मते त्यांच्या धैर्याइतकाच हा संयमही मोलाचा.

कारण उलटंही घडलं. ग्रनोबलच्या फिनाली भावांचे आईवडील ऑशविट्झला नेले गेले. एका कॅथलिक बाईने मुलांना सांभाळलं, वाचवलं. युद्ध संपल्यावर नातेवाईक मुलांना मागत असताना तिने 1948 मध्ये त्यांना बाप्तिस्मा दिला. कोर्टाने मुलं परत करा म्हटल्यावर काही धर्मगुरू आणि जोगिणींनी त्यांना लपवत सीमेपार स्पेनमध्ये पोचवलं. 1953 मध्ये मुलं आप्तांकडे गेली, तोवर सारा फ्रान्स दोन तट पडून भांडत होता. त्या बाईची माया खोटी होती, असं म्हणवत नाही. पण वाचवलेल्या जिवावर तिने हक्क सांगितला. आणि सगळे कॅथलिक तसे नव्हते: तुलूजचे आर्चबिशप सालिएज यांनी ऑगस्ट 1942 मध्येच, ज्यू आपले भाऊ आहेत, हे चर्चाचर्चांतून वाचायला लावलं होतं.

शाँबोंला किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी 1943 मध्ये त्रोक्मे आणि त्यांचे दोन सहकारी छावणीत डांबले गेले. सुटकेसाठी विशी सरकारचे प्रमुख मार्शल पेतां यांच्या आज्ञा पाळण्याच्या कागदावर सही करा म्हटलं, तर त्रोक्मेंसह दोघा पाद्र्यांनी नकार दिला. पुढे त्यांना तसंच सोडावं लागलं. आंद्रे त्रोक्मेंच्या नात्यातला तरुण शिक्षक दानिएल त्रोक्मे मात्र वाचला नाही. जूनमध्ये जर्मनांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड घातली. दानिएल तेव्हा दुसऱ्या घरी होता, निसटू शकला असता. तो आपल्या विद्यार्थ्यांपाशी गेला आणि 1944 मध्ये मायदानेकच्या छावणीत मेला.