जागा चांगली आहे!

पॅसिफिक महासागरातल्या टिनियन बेटावर दोन खड्डे काचेच्या छताखाली जपून ठेवले आहेत. १९४५ साली तयार झालेले अणुबॉम्ब एवढे अवजड होते, की बी-२९ विमानाच्या पोटाखाली ते मावेनात. मग युक्ती निघाली : बॉम्ब आधी खड्ड्यात उतरवायचा, विमान त्यावर आणून उभे करायचे आणि खालून बॉम्ब वर चढवायचा. पहिल्या खड्ड्यातून हिरोशिमाचा बॉम्ब चढला, दुसऱ्यातून नागासाकीचा. नॉर्थ फील्ड या लष्करी विमानतळाची कीर्ती ती एवढीच.

खड्ड्यांपाशी पाट्या आहेत. बॉम्ब विमानात केव्हा भरला, वैमानिक कोण, बॉम्बची जबाबदारी कोणावर, पहाटे पावणेतीनला उड्डाण कसे झाले, सगळी नोंद आहे. ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टीही इतकी चोख नसते. हिरोशिमात वर्षअखेरीपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसे मेली, हे मात्र त्यात नाही. दुसऱ्या पाटीवर जपानच्या सम्राटाने युद्ध थांबवायचे ठरवले, ती वेळसुद्धा दिली आहे. नागासाकीच्या मृतांपुरती जागा तेवढी उरली नसावी.

१९४४ मध्ये अमेरिकेने हे बेट जपानकडून जिंकले आणि नॉर्थ फील्डवर सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या चार धावपट्ट्या बांधल्या. युद्ध संपले आणि रानाने त्या गिळल्या. पुढे १९८५ मध्ये हा परिसर अमेरिकेचा राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरला. एखादी जागा वारशात जमा झाली की ती निरुपद्रवी झाली, असे आपण धरून चालतो.

इथे तसे झाले नाही. शेजारच्या ग्वाममधला मोठा हवाई तळ चीनच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात आला. सगळी विमाने एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे, म्हणून ती पांगवायचे ठरले आणि २०२३ च्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाने नॉर्थ फील्ड पुन्हा वापरात आणण्याचा बेत जाहीर केला. रान कापायला सुरुवात झाली. बेटावर वस्ती जेमतेम दोन हजारांची; उत्तरेकडची जमीन लष्कराकडे भाडेपट्ट्याने आहेच, तेव्हा फारशी विचारपूस करायचीही गरज नव्हती.

पुढच्या पिढ्यांनी धडा घ्यावा म्हणून स्मारके उभारतात, असे उद्घाटनाच्या भाषणांत हमखास सांगितले जाते. टिनियनच्या बाबतीत हा हेतू सफळ झाला म्हणायचा. हवाई दलाने धडा घेतला : जागा चांगली आहे!