पहिल्या दिवशी कुणाला पोहता येत नाही

कुंभारीच्या विडी घरकुलातून एका भगिनीने विचारले आहे: मुलगा सहा वर्षांचा, मुलगी आठची. शेजारची मुले सुटीत सोलापूरला तलावावर पोहायच्या क्लासला जाणार आहेत. घरात तीन मते आहेत. अब्बा म्हणतात, आम्ही विहिरीत शिकलो, फी कशाला भरायची? दादी म्हणते, मुलांना पाण्याच्या जवळसुद्धा नेऊ नका. आणि अम्मीला काळजी मुलीच्या कपड्यांची.

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दादीची भीती. पाण्यापासून लांब ठेवले की मूल वाचले, असे आपल्याकडे होत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल आणि हौद भरलेले असतात. नुकते चालू लागलेले मूल त्यात डोके खाली वाकून पडते आणि त्याला उलटता येत नाही. ना ओरडणे, ना हात मारणे. बुडणे हे सिनेमात दाखवतात तसे गोंगाटाचे नसते, आवाज न होता दोन-चार मिनिटांत सगळे संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 3 लाख लोक बुडून गेले, आणि त्यात जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या लेकरांचा होता. म्हणून क्लासचा विचार करण्याआधी आज बॅरलवर झाकण आणि झाकणावर वजन ठेवा. त्याला फी नाही.

मोठ्या मुलांचा धोका घराबाहेर आहे. गावाकडे गेले की विहीर, आणि आता शेततळी. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्याच्या उतरत्या बाजूवर शेवाळ धरले की पाय टिकत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा काठापर्यंत येतो आणि वर चढू शकत नाही. ज्यांच्या शेतात तळे आहे त्यांनी काठाला खुंटी ठोकून पाण्यापर्यंत गाठी मारलेला दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब कायम बांधून ठेवावी.

आता अब्बांची विहीर. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा, कमरेला दोर, काठावर काका. कित्येकजण असेच शिकले आणि छान शिकले. पण त्यात एक रीत होती, हसत हसत ढकलून देण्याची. ती मला कधी पटली नाही. ढकललेले मूल त्या दिवशी हातपाय मारते खरे, पण काहीजण त्यानंतर जन्मभर पाण्यात उतरत नाहीत. त्यांना कुणी मोजत नाही. शिवाय विहिरीत उथळ बाजू नसते. सहा वर्षांच्या मुलाला पायाखाली जमीन लागते हा आधार फार मोठा असतो.

बांगलादेशातल्या गावांमध्ये तळ्यातच बांबूचा मचाण बुडवून अशी उथळ जागा तयार करतात आणि गावातलीच शिकवलेली तरुण मंडळी 4 ते 12 वर्षांच्या मुलांना गटाने शिकवतात. तिथली परीक्षा सोपी पण नेमकी आहे: 25 मीटर पोहायचे, 30 सेकंद तरंगायचे, आणि स्वतः पाण्यात न उतरता काठी किंवा कपडा देऊन दुसऱ्याला बाहेर ओढायचे. स्टाईल कशी दिसते याला तिथे गुण नाहीत. आपल्या मुलांकडूनही सध्या एवढेच अपेक्षा करा.

पहिल्या तासात नेमके काय होते? काठावर बसून पाय पाण्यात मारणे, तोंड बुडवून बुडबुडे काढणे, कठडा धरून लाथा मारणे, जमले तर शिक्षकाच्या हातावर तरंगणे. वुजू करायला शिकलेल्या मुलाला चेहऱ्यावर पाणी घ्यायची सवय असते, त्याला हे लवकर जमते. निम्मा वेळ रांगेत जातो, थंडी वाजते, एखादे मूल रडते आणि ते पाहून दुसरेही रडते. तुमचा मुलगा पायऱ्यांवरून खालीच उतरला नाही तरी तास वाया गेला असे समजू नका. काठावरून "बघ, ती छोटी मुलगीसुद्धा उतरली" असे मात्र म्हणू नका. जाळीमागे बसा, हात हलवा, बास.

पैसे भरण्याआधी तलावावर एकदा जाऊन बघा. एका शिक्षकाकडे किती मुले आहेत? दहा-पंधरा नवखी मुले एकट्याकडे असतील तर नाव घालू नका. शिकवणाऱ्याशिवाय फक्त लक्ष ठेवणारा जीवरक्षक वेगळा आहे का? तळ स्वच्छ दिसतो का? पाणी हिरवे, गढूळ असेल तर खाली गेलेले मूल वरून दिसणारच नाही. दंडाला बांधायचे फुगे शोभेचे आहेत, ते निसटतात, त्यांच्या भरवशावर नजर काढू नका. मुलाला फिट येत असेल, कान वाहत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकालाही सांगा.

मुलीसाठी अनेक तलावांवर महिलांची वेगळी वेळ असते, ती विचारा. सुती सलवार-कमीज घालून पाठवू नका. सुती कापड पाणी पिते, जड होते आणि पायात गुंडाळते. ओढणी तर पाण्यात धोकाच. लांब बाह्यांचा, पायघोळ, अंगालगत बसणारा नायलॉन-लायक्राचा पोशाख मिळतो. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी या मुस्लिम महिलेने 2004 च्या सुमारास बुर्किनी तयार केली ती याच अडचणीतून. जर्मनीत एका मुस्लिम मुलीला शाळेच्या पोहण्याच्या तासाला सूट हवी होती. 2013 मध्ये तिथल्या न्यायालयाने सूट दिली नाही, बुर्किनी घालून तासाला बसता येईल असे सांगितले. त्या निकालावर मते वेगळी असू शकतात. पण आपल्या घरात कपड्यांपायी भाऊ शिकला आणि बहीण काठावर राहिली, असे होऊ देऊ नका. विहिरीवर, तळ्यावर कपडे धुवायला, पाणी आणायला तीच जाते.

आणखी एक गोष्ट अम्मीसाठी. कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवताना दुसरा, तिसरा गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ओरडून माणसे जमवा, काठावर आडवे पडा, ओढणी, साडी, दोर, रिकामा कॅन, जे असेल ते फेका. बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. पाठीवर झोपवून, हनुवटी वर करून आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबणे सुरू करा, आणि दुसऱ्याला 108 वर फोन करायला सांगा. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्यायचेच. ही पद्धत हाताने करून शिकायची असते. तलावावर मुलांचा तास संपल्यावर तिथल्या जीवरक्षकाला दाखवायला सांगा.

पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे, आणि खाऊ द्या. पाण्यातून आलेल्या मुलाला इतकी भूक लागते की तलावापासून कुंभारीपर्यंत त्याला दम निघत नाही.