सुनंदाची जागा

घरात लग्न निघालं की मंगलाष्टकं कोण करणार, हा प्रश्न येतोच. धाकट्या दिरांच्या लग्नात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बी.ए. झालेली, अर्धवेळ का होईना शाळेत मराठी शिकवणारी! नाही म्हणायची सोयच नव्हती.

मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत 19 अक्षरं. 12 झाली की थांबा, मग उरलेली 7. पोळ्या लाटता लाटता बोटांवर अक्षरं मोजून मी चार कडवी जुळवली. होणाऱ्या जाऊबाईंचं नाव सुनंदा. मोठ्या हौसेनं ते ओळीच्या आरंभीच घातलं.

आदल्या रात्री आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या आतेसासूबाईंनी, कागद हातात घेतला. मंगलाष्टकं म्हणायची ती त्यांनीच. पहिल्याच शब्दाला त्या अडखळल्या. "अगं, हे 'सूनंदा' होतंय!" दोघीतिघी हसल्या. मी मात्र ओशाळले. नव्या मुलीचं नाव आमच्यात पहिल्यांदा मांडवभर ऐकू जाणार, आणि तेच मोडकं?

चूक एवढीच, की मी अक्षरं मोजली, त्यांचं वजन पाहिलं नाही. अ, इ, उ, ऋ या ऱ्हस्व स्वरांचं अक्षर लघु. दीर्घ स्वराचं, अनुस्वाराचं किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात सोसणारं अक्षर गुरू. 'पुष्पा'मधला 'पु' म्हणूनच गुरू. या वृत्तात पहिली तिन्ही अक्षरं गुरू लागतात. जाऊबाई 'वासंती' असत्या तर चपखल बसल्या असत्या! सुनंदा पडली लघु-गुरू-गुरू.

आत्याबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी डोळे मिटून नुसती चाल गुणगुणली आणि ओळीच्या शेवटाशी येऊन म्हणाल्या, "इथं घे तिला. आली सुनंदा घरी." मी खुणा करून पाहिल्या. थांब्यानंतरची सातही अक्षरं बरोबर: गा गा ल गा गा ल गा!

वर्गात मी वर्षानुवर्षं 'यमाताराजभानसलगा' घोकून घेत आले, पण कानाला काही शिकवलंच नव्हतं. आता आधी मुलींना टाळीवर मनाचे श्लोक म्हणायला लावते. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा. 'सुनंदा, सुनंदा, सुनंदा, सुनंदा' म्हणा, झाली ओळ! जात्यावरच्या ओवीला मात्र असलं काही लागत नाही. तिथं हात फिरेल तसा गळा लांबतो.

तुम्ही मंगलाष्टक करायला बसाल, तेव्हा आधी नाव लिहा, त्याचे लघुगुरू काढा, जागा शोधा आणि मगच बाकीची ओळ भरा. शालिनी ओळीच्या अगदी शेवटी छान बसते. सुलभा बसते थांब्याच्या लगेच आधी.

सध्या भाचीचं लग्न ठरलंय. नाव मृणालिनी. साऱ्या ओळीत तिला एकच जागा सापडली, पाचव्या अक्षरापासून. तिच्या आधीची चार अक्षरं अजून सुचायची आहेत.