ओढ्याचा कांठ कोणाचा?

सोलापूर जिल्ह्याचें नांव निघालें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें दोनच चित्रें उभीं राहतात; एक चादरींचें आणि दुसरें दुष्काळाचें. या जिल्ह्यांत ओढे आहेत, त्यांना कांठ आहेत आणि त्या कांठांवर झाडाझुडपांची व पशुपक्ष्यांची एक निराळी वस्ती आहे, याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. या विस्मरणाची किंमत तो कांठच देत आला आहे. आणि ज्यांनीं त्याचें रक्षण करावयाचें त्यांच्याच हुकुमानें तो उखडला जातो, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडणें आम्हांस भाग आहे.

प्रथम मालकीचा प्रश्न घेऊं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या विसाव्या कलमाप्रमाणें नद्या, ओढे, नाले यांचीं पात्रें, जेथें खासगी मालकी सिद्ध नसेल तेथें, राज्य सरकारचीं आहेत. पण सरकारची मालकी म्हणजे अंमलदारांची जहागीर नव्हे. ती रयतेची ठेव आहे आणि सरकार तिचें विश्वस्त आहे. विश्वस्तानें ठेव वाढवावी, निदान आहे तशी राखावी, हा साधा व्यवहार आहे. ओढ्यांच्या बाबतींत तो पाळला गेला काय?

ठेव कोणती तें आधीं पाहूं. या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी साडेपांचशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत कोसळतो. पुढें माळ करपला म्हणजे हिरवी राहते ती ओढ्याकांठची अरुंद पट्टी. करंज, उंबर, बाभूळ, शिंदी, निर्गुडी आणि खालीं लव्हाळा, एवढाच तिचा संसार. पण पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचीं घरटीं टांगलेलीं असतात, दरडीच्या बिळांत खंड्या व वेडा राघू पिलें वाढवितात, झुडपांच्या आडोशाला खोकड, मुंगूस आणि माळावरचा लांडगाहि उन्हाची वेळ काढतो. शिवाय याच झाडांचीं मुळें कांठची माती धरून ठेवतात, गवत वाहत्या पाण्याचा वेग मोडतें आणि शेतांतून धुपून येणारा गाळ वरच्यावर अडवितें. कांठ ही ओढ्याची शोभा नव्हे. तें त्याचें कातडें आहे.

डिसेंबर २०१४ मध्यें राज्य सरकारनें जलयुक्त शिवार अभियान जाहीर केलें आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याची घोषणा केली. हेतु चांगला होता, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु त्या अभियानांत नाल्यांचें खोलीकरण व रुंदीकरण हें काम पुष्कळ ठिकाणीं सर्वांत आवडतें ठरलें. कारण तें झटपट होतें, यंत्रानें होतें, घनमीटरांत मोजतां येतें आणि छायाचित्रांत उठून दिसतें. यंत्र पात्रांत उतरावयाचें म्हणजे आधीं कांठचीं झुडपें गेलीं. पात्र रुंद करावयाचें म्हणजे मोठीं झाडें गेलीं. उपसलेली माती कांठावरच टाकली म्हणजे उरलेलें गवतहि गाडलें गेलें. याला कागदोपत्रीं विकास म्हणतात! मुळांचा आधार सुटलेली काळी माती पावसांत ढांसळते आणि ज्या चराकरितां ती सोलली तोच चर भरून काढते. मग पुन्हां यंत्र, पुन्हां देयक.

हा आक्षेप आमचा एकट्याचा नाहीं. अर्थतज्ज्ञ हे. मा. देसरडा यांनीं या कामांच्या अशास्त्रीयपणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती बसली. २०२० सालीं भारताच्या महालेखापरीक्षकांनीं नोंदविलें कीं ९,६३३ कोटी रुपये खर्चूनहि भूजलाची पातळी वाढविण्यांत अभियानास फारसें यश आलें नाहीं. इतकें होऊनहि अभियानाचा दुसरा टप्पा पुढें सुरू झालाच.

कोणी म्हणेल, माणसें टँकरच्या पाण्यावर जगत असतां तुम्ही सुगरणीचीं घरटीं मोजतां! हा आक्षेप ऐकावयास जोरदार आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर आला आहे. खोदण्याला आमचा विरोध नाहीं. सिद्धरामेश्वरांनीं तळें खोदविलें ही या नगराची परंपराच आहे, आणि आदिला ओढ्यावरील एकरुखचा तलाव दीडशें वर्षें उभा आहे. पात्रांतला गाळ काढावा, तो शेतांत न्यावा. परंतु गाळ काढणें आणि कांठ सोलणें हीं दोन कामें एक नव्हेत. तहानलेल्याला पाणी पाजण्याकरितां घागर फोडावी लागत नाहीं.

सरकारी जमिनीचा कारभार कसा नसावा याचा दाखला याच जिल्ह्यांत आहे. १९७९ सालीं माळढोक पक्ष्याकरितां येथें अभयारण्य जाहीर झालें, तें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें! त्यांत गांवेंच्या गांवें सांपडलीं, लोकांचा रोष पत्करला गेला आणि अखेर तें बाराशें चौरस किलोमीटरांच्या आसपास आकसलें. दरम्यान ज्या गवताळ माळावर तो पक्षी जगतो तेथें गिरिपुष्पासारख्या परक्या झाडांची लागवड झाली. जेथें गवत राखावयाचें तेथें झाडें लावलीं, आणि ओढ्याकांठीं जेथें झाडें राखावयाचीं तेथें तीं उपटलीं! आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते.

याउलट अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांताकडे पाहा. तोहि कोरडा मुलुख. तेथील सान पेद्रो नदीचा सुमारें चाळीस मैलांचा सरकारी कांठ १९८८ सालीं कायद्यानें राखीव झाला आणि गुरांची चराई थांबविली गेली. थोड्याच वर्षांत कांठचें गवत व झुडपें पुन्हां वर आलीं आणि अनेक जातींच्या पक्ष्यांची संख्या वाढली. ओढा विसांवा मागतो, चमत्कार मागत नाहीं.

आमच्या धनगरांना उद्यांपासून हांकलून द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें केल्यास माळढोकाच्या वेळची चूक पुन्हां होईल. ओढ्याचा एक भाग दोन-तीन वर्षें बंद ठेवावा, तेवढ्यांत दुसरा मोकळा ठेवावा, आणि हा क्रम गांवाच्या संमतीनें ठरवावा. सरकारी पात्राच्या दोन्हीं कांठांची पट्टी मोजून नकाशावर आणावी. त्या पट्टींत यंत्र उतरूं नये. खोलीकरणाचें देयक मंजूर होण्यापूर्वीं कामाआधीं तेथें किती झाडें होतीं व नंतर किती उरलीं, हें ग्रामसभेपुढें वाचून दाखवावें.

२०२५ च्या सप्टेंबरांत सीनेच्या महापुरानें या दुष्काळी जिल्ह्याला पाण्याचें दुसरें रूप दाखविलें. अवर्षण आणि महापूर या दोहोंत ओढ्याला सांवरून धरणारी वस्तु एकच, ती म्हणजे त्याचा कांठ. तो रयतेचा आहे. रयतेनें आपल्या विश्वस्ताकडे हिशेब मागावा. तो मागण्यांत संकोच कसला?