मातीविना मिरची

आपल्या समीक्षेला मातीचे फार वेड आहे. लेखक 'मातीतला' असतो, कविता 'मातीशी नाळ' सांगते, आणि जिथे ही नाळ सापडत नाही तिथे 'उपरे' असा शिक्का मारून आपण पुढच्या पुस्तकाकडे वळतो. वर्गात हे शब्द मीही वर्षानुवर्षे वापरले. गेल्या वर्षी रोह्यातल्या राहत्या खोलीत मिरचीची तीन रोपे पाण्यावर वाढवली, तेव्हापासून ते उच्चारताना अडखळायला होते.

रोपे भूत जोलोकियाची. २००७ साली गिनीजने जगातील सर्वांत तिखट ठरवलेली ही ईशान्येकडची मिरची. (आता, २०२३ पासून, तो मान पेपर एक्सकडे आहे.) मुळे नारळाच्या काथ्याच्या भुशात, खाली क्षार विरघळवलेले पाणी, वर एलईडी दिव्यांचा चौदा तास उजेड. पाण्याचा सामू साडेसहाच्या फार वर गेला, की लोह पाण्यात असूनही रोपाला घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. बंद खोलीत वारा नसतो. म्हणून फुले उमलली की ती बोटाने हलवावी लागतात, किंवा बारीक कुंचल्याने पराग फिरवावा लागतो.

असाच कुंचला पेणमध्ये गणपतीचे डोळे आखतो. आणि तिथल्या मूर्तींचा शाडू येतो गुजरातेतून! त्यामुळे पेणच्या मूर्तीला कोणी उपरी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तिचे पेणपण हातात आहे.

मिरची तर मुळातच परकी. अमेरिका खंडातले हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. ज्ञानेश्वरांनी मिरची पाहिली नव्हती. आपण तिला जुन्या मिऱ्यावरून नाव दिले, ती नाकाला झोंबू लागली, आणि आज ठेचा हा अस्सल मराठीपणाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. देशीवादाची मांडणी मला सरसकट नाकारायची नाही. इंग्रजी चष्म्याने मराठी वाचण्याच्या सवयीला तिने हिसका दिला, हे तिचे ऋण मोठे आहे. मात्र परके किती शतके मुरले म्हणजे देशी होते, आणि हा हिशेब कोणी ठेवायचा, हे ती मांडणी हाती घेऊन इतरांना तोलणाऱ्यांनी सांगितले पाहिजे.

हा वाद नुसता शब्दांचा नाही. पेणच्या खारेपाटात उधाणाचे पाणी बांध फोडून भातखाचरात शिरते, आणि खारावलेली जमीन पुन्हा पिकती व्हायला काही पावसाळे जावे लागतात. तिथल्या शेतकऱ्याला माती ही प्रतिमा नसते. समजा, त्याचा मुलगा पनवेलच्या सदनिकेत बसून कविता लिहितो, आणि परीक्षणात आपण नोंदवतो, की मातीचा गंध जाणवत नाही. ज्याच्या पायाखालून माती गेली त्यालाच तिचा दाखला मागणे मला आता निर्दयपणाचे वाटते. अशी चार-दोन परीक्षणे माझ्याही नावावर आहेत.

पाण्यावरची शेती हा खारेपाटावरचा उपाय आहे, असे मी म्हणत नाही. विजेचे बिल पाहिले, तर माझी मिरची हा नोकरदाराचा छंदच ठरतो. पण ती खोटी मिरची नव्हे. पहिल्या तोडणीला अकरा आल्या. त्यांतली एक शेजारी बोंबलाच्या कालवणात पडली आणि त्या घरी रात्री पुन्हा वरणभात शिजवावा लागला. उरलेल्या दहा अजून डब्यात आहेत.